पाय आधी, ढोलकी मागून

आधी माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. पाचवीचा वर्ग दुसऱ्या गावाला होता, तिकडे मला कोणी पाठवलं नाही आणि मीही पाठवा म्हटलं नाही. ही वही स्टुडिओच्या ऑर्डरची आहे. मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. कोणी वाचावं म्हणून नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि ही गोष्ट वर्षभर डोक्यात घुमून घुमून मला वैताग आला आहे.

मोहाडीला तहसील कचेरीच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाजाराच्या दिवशी फॉर्मला लावायच्या फोटोंसाठी रांग लागते, बाकी धंदा लग्नाचा. शूटिंग हे करतात आणि व्हिडिओ जोडायचं काम मी करते. ह्यांना एका जागी अर्धा तास बसवत नाही. सुरुवातीला भंडाऱ्याच्या एका लॅबमध्ये एडिटिंगला देत होतो, तिथले लॅबवाले दादा पैसे फार घेत. मग एकदा ह्यांनी त्यांच्याकडून जुना कॉम्प्युटर आणला, मला दोन दिवस त्यांच्या शेजारी बसवलं आणि म्हणाले, शीक. मला पडद्यावरचं इंग्रजी वाचता येत नाही. मी चित्रांवरून चालते. ब्लेडचं चित्र म्हणजे कापायचं, चुंबकाचं चित्र म्हणजे तुकडा तुकड्याला चिकटतो, आणि आवाजाची पट्टी म्हणजे हिरव्या डोंगरांची रांग. आवाज मोठा तिथे डोंगर उंच. कधी कधी कॉम्प्युटर आपणहून नवा होतो आणि सगळी चित्रं जागा बदलतात. कोणी रात्रीतून माझ्या चुलीवरचे डबे हलवून ठेवावेत तसं वाटतं. तरी शिकले. लग्नाचे व्हिडिओ मी डोळे मिटून जोडते.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आंधळगावकडच्या एका गावातून मंडईचं काम आलं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि त्यात दिवसा दंडार असते, गावातलेच लोक नाचतात, गातात, सोंगं करतात. त्या गावाची दंडार जुनी. तिथे सगळ्यात शेवटी एक म्हातारे एकटे नाचतात, पायात घुंगरं बांधून. गाव त्यांना आबाजी म्हणतं. तलावात मासे धरतात, उरलेला दिवस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसून जाळं सांधतात. त्यांच्या पायांचं नाव चार गावांत आहे. दंडारीच्या मंडळाने ठरवलं की आबाजी थकायच्या आत पूर्ण दंडारीची शूटिंग करून ठेवायची, आणि तीही तीन कॅमेऱ्यांची. घरोघर वर्गणी काढून नऊ हजार जमवले आणि ह्यांच्या हातात सगळेच्या सगळे आधीच दिले. ह्यांनी त्याच आठवड्यात त्या पैशांची नवी हार्डडिस्क आणि लेन्स आणली.

आमच्याकडे कॅमेरे दोनच. तिसरा भाड्याने आणायचा तर पैसे जातात. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, ज्यांचं गावात खताचं दुकान आहे, म्हणाले की माझा मोबाईल आहे ना. नवा होता, महागाचा. "तुह्या कॅमेऱ्यापेक्षा साफ येते," असं ते ह्यांना म्हणाले, आणि ह्यांनी पैसे वाचतात म्हणून हो म्हटलं. तर असं ठरलं. एक कॅमेरा ह्यांच्या खांद्यावर. दुसरा शाळेच्या स्लॅबवर स्टँड लावून, सगळं मैदान दिसेल असा. आणि अध्यक्षांचा मोबाईल नाचणाऱ्यांच्या समोर, जमिनीला धरून, एका पाटावर बांधलेला. आवाज वेगळा घेतला, साऊंडवाल्याच्या मशीनमधून, एका छोट्या रेकॉर्डरवर. कॅमेऱ्यांचा आवाज वाऱ्याने आणि लोकांच्या बोलण्याने खराब येतो, म्हणून तसं करावं लागतं.

मी गेले नव्हते. माझ्याकडे रेकॉर्डिंगची कार्डं आली, मी पाहिलं ते त्यांतलंच.

आता तीन ठिकाणचं चित्र आणि चौथ्या ठिकाणचा आवाज एकत्र बसवायचा म्हणजे सगळ्यांत ओळखू येईल अशी एक खूण लागते. दंडार सुरू होण्याआधी पूजा होते आणि नारळ फोडतात. मी ती खूण धरली. नारळ दगडावर बसतो ते दिसतंही आणि त्याचा डोंगरही टोकदार येतो. पण फोडणारा भाऊ कोणास ठाऊक कोण होता, त्याने एका घावात नारळ फोडला नाही. तीन घाव घातले. मी एका कॅमेऱ्यात दुसरा घाव धरला आणि दुसऱ्यात तिसरा. दोन दिवस मला कळेना की पेटीवाल्याचा हात आणि पेटी यांचं भांडण का आहे. कळलं तेव्हा मी एकटीच त्या अनोळखी माणसावर चिडले. एक नारळ फुटत नाही तुझ्याने.

ते नीट केलं तर शाळेवरचा कॅमेरा वाकडा. डोंगराला डोंगर बरोबर जुळवला, तरी चित्र जरासं पुढे. सहा-सात फ्रेम. आमच्याकडे एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, त्यांतल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. सहा-सात म्हणजे पाव सेकंद, पण डोळ्याला खुपतं. त्याचं कारण मला भांडी घासताना सुचलं. तलावाच्या पलीकडच्या काठावर बाई धुणं आपटते तेव्हा हात आधी खाली येतो आणि आवाज मागून येतो. शाळा मैदानापासून दूर. त्या कॅमेऱ्याला आवाज उशिराच ऐकू आला असणार. तो आवाज मी रेकॉर्डरच्या आवाजाला जुळवला, म्हणून चित्र पुढे सरकलं. सात फ्रेम मागे ओढलं आणि बसलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. कोणाला सांगितलं नाही, सांगणार कोणाला. ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "थोडंसंच तं होतं, कायले येवढा वेळ घातला."

मोबाईलचं काम सगळ्यात सोपं झालं. सुरुवातीला नारळाला लावला आणि बसला. सुरुवातीच्या गणाचा नाच बघितला, पोरांच्या पावलाला ढोलकी बरोबर. पुढे पाहिलं नाही. पावणेदोन तासांचा व्हिडिओ, लग्नाची दोन कामं मागे अडकलेली, आणि अध्यक्ष रोज फोन करून विचारत की झालं का. मी तुकडे लावले, जिथे जो कॅमेरा चांगला तिथे तो, आणि शेवटचं भरभर पुढे ढकलत पाहिलं. रेंडरला, म्हणजे पक्का व्हिडिओ बनायला, लावून भाकरी टाकायला गेले. ही माझी चूक. ती मी इथे लिहून ठेवते.

गावात संध्याकाळी समाजमंदिरात मोठा टीव्ही लावून व्हिडिओ दाखवला. मलाही नेलं, पेनड्राइव्ह चालला नाही तर बघायला कोणी हवं म्हणून. मी बायकांत मागे बसले. सगळे खूश होते. आपापलं तोंड दिसलं की लोक ओरडत होते. मग शेवटी आबाजींचा नाच आला.

त्यांचे पाय ढोलकीच्या आधी पडत होते.

फार नाही. अर्धा सेकंद. पण नाचात अर्धा सेकंद म्हणजे सगळंच. पाय आपटून वर उचलला जायचा आणि मग थाप यायची. मग पोरांतून कोणीतरी म्हणालं, "आबाजीले घाई झाली, मासोळ्या सुटून राहिल्या." हसू फुटलं. दुसरा म्हणाला, "म्हातारं ढोलकीवाल्याले शिकवून राहिलं." आबाजी समोरच्या रांगेत बसले होते. त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं, मग पुन्हा टीव्हीकडे. नाच अकरा मिनिटांचा आहे. अकरा मिनिटं लोक हसत होते.

संपल्यावर ढोलकीवाला ह्यांना म्हणाला की मंडईच्या दिवशी तर पाय बरोबर होते, तुमच्या व्हिडिओतच काही झालं असेल. तेव्हा ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "कॅमेरा खोटं नाही बोलत. पोरायचे पाय बरोबर आले, तुही ढोलकी बरोबर आली, मग आबाजीचेच पाय काहून बिघडतील? चूक आमची निघाली तं पुरे नऊ हजार वापस देतो."

अध्यक्ष म्हणाले, झालं तर मग. वय झालं माणसाचं. तिथेच उभ्या उभ्या ठरलं की पुढच्या मंडईला शेवटचा नाच दुसऱ्या कोणी करायचा आणि आबाजींनी टाळ धरायचे. त्यांनी घुंगरं घरून आणून दिली. अध्यक्षांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतली. आबाजी काही म्हणाले नाहीत. मीही नाही. माझ्या मनात आलं होतं की मी शेवटचा भाग नीट पाहिलेला नाही. पण चाळीस माणसं, सगळी मोठमोठ्याने बोलणारी, आणि ह्यांनी नुकताच नऊ हजारांचा शब्द दिलेला. मी पदर नीट केला आणि चपला शोधल्या.

घरी येताना गाडीवर मी ह्यांना म्हटलं, मी एकदा पाहू का पुन्हा. ह्यांनी गाडी हळू केली.

"का पाहते? काही निघालं तं नऊ हजार देशील तू?"

पण दुसऱ्या दिवशी, हे लाखनीला लग्नाच्या शूटिंगची बोलणी करायला गेल्यावर, मी फाईल उघडली.

सगळ्यात आधी दुसऱ्या कॅमेऱ्यात आबाजींचे पाय दिसतात का ते शोधलं. दिसत नाहीत. शाळेवरून मंडपाची बल्ली, म्हणजे खांब, आड येते. आणि ह्यांचा कॅमेरा त्या अकरा मिनिटांत आबाजींवर नव्हताच. आबाजी नाचायला लागले की लोक बक्षीस देतात, कोणी दहा, कोणी पन्नास, आणि माईकवरून त्यांचं नाव पुकारतात. ह्यांचा कॅमेरा त्या बक्षीस देणाऱ्यांच्या तोंडावर. कारण ज्याचं नाव पुकारलं तो नंतर पेनड्राइव्ह विकत घेतो. दंडार पाहायला गेलेल्या माझ्या नवऱ्याने दंडारीतला सगळ्यात मोठा नाच पाहिलाच नाही. मला इतका राग आला की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. पाय फक्त मोबाईलमध्ये होते.

मग विचार केला, रेकॉर्डरचा आवाज बाजूला ठेवू. मोबाईलचा स्वतःचा आवाज मी बंद करून टाकला होता, कारण त्यात अध्यक्षांचं खोकणं आणि तंबाखूचा खर्रा मागणं सगळं आहे. तो सुरू केला. मोबाईलचं चित्र, मोबाईलचाच आवाज. आता तर खोटं निघायची जागाच नाही. लावून पाहिलं. पाय आधीच पडत होते. अर्धा सेकंद.

मला हे पटवून घ्यावं लागलं. आबाजीच चुकले. एकाच मोबाईलने एकाच वेळी पाहिलं आणि ऐकलं, त्यात फरक कुठून येईल. मी कॉम्प्युटर बंद केला. मनातून जरा सुटल्यासारखंही वाटलं, नऊ हजार वाचले म्हणून. ते वाटलं त्याची लाज अजून जात नाही.

तरी काहीतरी टोचत होतं. आणि जे टोचत होतं ते मला शब्दांत धरता येत नव्हतं, म्हणून आणखी चिडचिड. पोळी करपायची. ह्यांनी काही विचारलं की मी वाकडं बोलायची. चार दिवस दुपारी, वीज असेल तेव्हा, मी मोबाईलची ती क्लिप पहिल्यापासून लावून बसायची. वीज तर अशी, नेमकं काही सापडेल असं वाटलं की जायची. गणात पाय बरोबर. पहिल्या सोंगात बरोबर. अर्ध्या तासाने बघितलं तर दोन फ्रेम पुढे. एका तासाने सहा. आबाजींपर्यंत बारा-तेरा. आधी मी मोजलं आणि चुकले असं समजून परत मोजलं. तेवढेच. म्हणजे शेवटी फक्त आबाजी चुकत नव्हते. मधले सगळेच थोडे थोडे चुकत होते, आणि प्रत्येक जण आपल्या आधीच्यापेक्षा जास्त. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन फ्रेम कोणाला दिसतात.

धानाची रोपं लावताना, रोवण्याला, दोघी बाया एकाच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सुरुवात करतात. एक पहिल्यापासूनच दोन पावलं मागे असली आणि हात सारखा चालत असला, तर शेवटच्या बांधापर्यंत ती दोन पावलंच मागे राहते. पण दोघी बरोबर निघाल्या आणि एकीचा हात जरासा जलद असला, तर दर तासाला अंतर वाढतं. शाळेचा कॅमेरा पहिल्या तऱ्हेचा होता. मोबाईल दुसऱ्या तऱ्हेचा. मला इतकी वर्षं चिखलात उभं राहून हे माहीत होतं आणि खुर्चीवर बसून सुचलं नाही.

पण मोबाईलच्या स्वतःच्या आवाजाशीही चित्र जुळत नव्हतं, त्याचं काय करायचं ते कळेना. ते कळलं चुकून. मला ती क्लिप कॉम्प्युटरवर दुसऱ्या जागी ठेवायची होती. माऊस जुना आहे, एकदा दाबला की कधी दोनदा दाबला जातो. क्लिप एडिटिंगच्या बाहेरच, साध्या व्हिडिओसारखी सुरू झाली, लग्नाचे व्हिडिओ लोक घरी लावतात तशी. मी चिडून बंद करायला गेले आणि थांबले. पुढे ढकलून आबाजींवर आणली.

पाय आणि थाप एकत्र पडत होते. घुंगरांचा आवाजही त्याच क्षणी. मी अकराच्या अकरा मिनिटं बघितली. एकही पाऊल कुठे चुकलेलं नाही. मध्ये ढोलकीवाल्यानेच एकदा थाप चुकवली आहे आणि आबाजींनी पाय अर्धा हवेत थांबवून त्याला सांभाळून घेतलं आहे. ते कोणी पाहिलंच नाही.

तेच चित्र, तोच आवाज. बाहेर बरोबर आणि माझ्या एडिटिंगमध्ये वाकडं. म्हणजे चूक माझ्या टेबलावर होती.

भंडाऱ्याच्या त्या लॅबवाल्या दादांना फोन करायला मला आणखी एक दिवस लागला, कारण मला फोनवर बोलता येत नाही. त्यांनी सगळं ऐकलं आणि आधी विचारलं, मोबाईल उन्हात होता का. होता. मग म्हणाले, मोबाईल तापला की एखादं चित्र गाळतो, कुठे एक, कुठे दोन. गाळलं हे त्याला स्वतःला माहीत असतं, म्हणून तो लावला की बरोबर चालतो. पण एडिटिंगवाला प्रोग्राम सगळी चित्रं सारखी धरून मोजतो, म्हणून गाळलेली चित्रं साचत जातात आणि चित्र आवाजाच्या पुढे पळतं. मोबाईलची क्लिप आधी दुसऱ्या प्रोग्राममधून काढून सरळ करून घ्यायची आणि मगच जोडायची, असंही त्यांनी सांगितलं. पण ते वाक्य मी नीट ऐकलं नाही. मोबाईल तापतो, एवढंच धरलं आणि फोन ठेवला.

म्हणून मी हाताने केलं. आबाजींची अकरा मिनिटं ब्लेडने कापली, शंभराच्या वर तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यात ढोलकीच्या एका थापेचा डोंगर धरायचा आणि पाय त्याच्यावर आणून बसवायचा. जिथे जोड दिसेल तिथे बक्षीस देणाऱ्याचं तोंड टाकायचं, ती तोंडं आमच्याकडे भरपूर होती. सहा दिवस लागले. मान आखडली. शेवटच्या दिवशी दादांचा दुसऱ्या कामासाठी फोन आला आणि त्यांनी विचारलं, ती क्लिप काढून घेतली ना, वीस मिनिटांचं काम आहे. वीस मिनिटं. फोन ठेवून कॉम्प्युटरसमोर तशीच बसले. मग परत फोन लावून कसं करायचं ते विचारलं, वीस मिनिटांत पूर्ण पावणेदोन तासांची क्लिप सरळ करून घेतली, आणि माझे शंभर तुकडे फेकून दिले.

संध्याकाळी हे घरी आल्यावर ह्यांना दाखवलं. ह्यांनी पूर्ण पाहिलं. पहिल्यांदा पाहत होते ना. पाहताना मानेने ठेकाही धरला. संपल्यावर म्हणाले, "चांगलं झालं. आता ठेवून दे. कोणाले सांगजो नको."

मी म्हटलं, "आबाजीले?"

"आबाजीले तं बिलकुलच नाही. सारं ठरून गेलं तिकडे. नऊ हजार कुठून आणू मी, ते तं लेन्सनं खाऊन टाकले."

ह्यांचंही खोटं नव्हतं. लग्नाचा सीझन चार महिने दूर होता. घरात पैसे नव्हते. मी पंधरा दिवस काही केलं नाही. फक्त स्टुडिओत कोणी आंधळगावकडचं आलं की आत जाऊन बसायची.

मग एक दिवस माहेरी जाते असं सांगून निघाले आणि त्या गावच्या बसमध्ये बसले. आबाजी पाळीवर जाळं घेऊन बसले होते. मी माझ्या मोबाईलमध्ये व्हिडिओ टाकून नेला होता. काय म्हणायचं ते वाटेत सात वेळा ठरवलं होतं आणि समोर गेल्यावर सगळं गेलं. मी नुसता मोबाईल त्यांच्या हातात दिला. ऊन होतं, त्यांनी धोतराचा सोगा वर धरून सावली केली आणि पाहिलं. त्यांची बोटं ओली होती, पडदा आपोआप थांबायचा. मी तीन वेळा पुन्हा लावून दिला.

पाहून झाल्यावर त्यांनी मोबाईल परत केला. म्हणाले, "माहे पाय मले माहीत नव्हते का बाई?"

मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हा बोलले का नाही जी.

"मी बोललो असतो तं म्हणले असते, बुढा मानत नाही. तूही तं तितंच बसली होती, बायकांत. तू काहून नाही बोलली?"

रागावून नाही म्हणाले. जाळ्याची गाठ मारता मारता म्हणाले. मी रागावलेलं माणूस सहन करू शकले असते.

तिथून अध्यक्षांचं दुकान चालत दहा मिनिटं. मी गेले. दुकानात दोन शेतकरी खत घ्यायला आले होते, ते जावेत म्हणून पायरीवर उभी राहिले, आणि ते जाईनात तेव्हा त्यांच्यासमोरच बोलले. आयुष्यात एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदा परक्या माणसासमोर बोलले असेन. "चूक आमची आहे जी, आबाजीचे पाय बरोबर आहेत, मोबाईल तापला होता आणि जोडताना मी पाह्यलं नाही."

अध्यक्षांना बाकी काही ऐकू आलं नाही. मोबाईल तापला एवढंच आलं. म्हणाले, अठ्ठावीस हजाराचा आहे, तो चुकत नाही. मी म्हटलं, मोबाईल चुकला नाही, मी चुकले. ते मानेनात. पाऊण तास ते मला मोबाईल समजावून सांगत होते. खत घ्यायला आलेल्यांपैकी एक जण शेवटी म्हणाला, "अध्यक्ष, मोबाईल जाऊ द्या, बुढ्याचे पाय पाहू द्या." मग तिघांनी मिळून पाहिलं. ढोलकीवाल्याची चुकलेली थाप त्या शेतकऱ्याने बरोबर पकडली आणि मोठ्याने हसला. अध्यक्षांनी पूर्ण पाहिलं, मला परत लावायला सांगितलं, परत पाहिलं. मग कपाटावरून प्लास्टिकची पिशवी काढून त्या शेतकऱ्याच्या हातात दिली आणि आबाजींच्या घरी नेऊन द्यायला सांगितलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुह्या नवऱ्याचा शब्द. साऱ्या गावानं आयकला होता."

मी म्हटलं, हो, देऊ. नवा व्हिडिओही देऊ, त्याचे पैसे नाही घेणार.

घरी ह्यांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला. बोलले तेव्हा इतकंच म्हणाले की आता लग्नाच्या सीझनला माझ्याकडे नवी साडी मागू नको. मी कधी मागितली होती ते मला आठवत नाही.

नवा व्हिडिओ समाजमंदिरात पुन्हा दाखवला. मी गेले नाही. ऐकलं की या वेळी लोक ढोलकीवाल्याला हसले, आणि तो म्हणाला की मी तर पहिल्याच दिवशी सांगत होतो. आबाजी पाहायला आले नव्हते. त्यांना म्हणे जाळं टाकायचं होतं. यंदाच्या तालमीला मात्र ते येतात, आणि पोरांना पाय शिकवताना फार शिव्या देतात, असं कळलं.

पैसे एकदम देता आले नाहीत. चैत्रातल्या दोन लग्नांचे आले तेव्हा चार हजार दिले. ते द्यायला हे स्वतः गेले. वैशाखात तीन हजार. मग पाऊस लागला, रोवणे आले, लग्नं थांबली, आणि दोन हजार राहिले ते राहिलेच. अध्यक्ष बाजाराला मोहाडीला आले की स्टुडिओच्या पायरीवर बसून पाणी मागायचे. पैशाचं नाव घ्यायचे नाहीत, नुसते बसायचे. ते बसले की मला आतल्या खोलीत काही सुचायचं नाही. पासपोर्ट फोटोचे पैसे मी वेगळ्या डब्यात टाकत गेले, शाळांचे फॉर्म निघाले त्या महिन्यात बरे पडले.

मागच्या बाजारी अध्यक्ष आले, बसले, पाणी प्यायले. मी स्वतःच बाहेर आले आणि डब्यातल्या नोटा त्यांच्या हातात दिल्या. त्यांत दहा-वीसच्याच जास्त होत्या, त्यामुळे मोजायला वेळ लागला. दोनदा मोजल्या. दोन हजार भरले. नऊचे नऊ हजार परत झाले.